पाण्यात न पडताही कॅमेरा भिजतो

दिवाळी उलटली की परभणी जिल्ह्यातल्या पक्षीनिरीक्षकांच्या गाड्या पहाटेच जिंतूरच्या रस्त्याला लागतात. पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचा फुगवटा तोवर स्थिरावलेला असतो. काठाच्या उथळ पाण्यात बदके उतरतात, बुडालेल्या झाडांच्या वाळक्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसतात. काठावरून दिसतात तेवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ असतात. पण ज्याच्या गळ्यात दीड-दोन किलोची लांब लेन्स आली, त्याला काठ पुरत नाही. मग ओळखीच्या मच्छीमाराची होडी, एक वल्हे, दोन-तीन माणसे आणि मांडीवर लाखाच्या पुढचा ऐवज, अशी सफर सुरू होते. पैठणचा नाथसागर असो, भिगवणजवळचा उजनीचा फुगवटा असो की कोकणातली खाडी, चित्र थोड्याफार फरकाने हेच असते.

अशा सफरीत मनात धास्ती असते ती एकाच गोष्टीची, कॅमेरा हातातून सुटून पाण्यात पडेल याची. तसे होतेही. पण दुरुस्तीच्या टेबलावर येणारे सगळेच कॅमेरे बुडालेले नसतात. बरेचसे कधी पाण्यात पडलेलेच नसतात. कोणाच्या लेन्सच्या आत बुरशीचे जाळे असते, कोणाची बॅटरीची पट्टी हिरवी पडलेली असते, कोणाचे बटण दाबले की दुसरेच काही चालू होते. हे नुकसान तुषारांनी आणि वाफेने केलेले असते, आणि ते होडीत दिसत नाही. काही आठवड्यांनी, कधी पुढच्या पावसाळ्यात दिसते.

वाफेपासूनच सुरुवात करायला हवी, कारण तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. परभणीचा हिवाळा मराठवाड्याच्या मानाने कडक. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच-सहा अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या काही हिवाळ्यांत याच पानांवर आल्या आहेत. जलाशयातले पाणी मात्र हवेइतके पटकन थंड होत नाही. रात्रभरात हवा गारठते, पाणी दिवसाची ऊब धरून राहते. त्या उबदार पाण्यावरून निघणारी वाफ थंड हवेत लगेच बारीक थेंबांत बदलते आणि पृष्ठभागावर धुक्याचा पातळ थर तरंगू लागतो. छायाचित्रासाठी याहून सुंदर पार्श्वभूमी नाही. पण होडी त्याच थरातून चाललेली असते, आणि तिथली हवा बाष्पाने काठोकाठ भरलेली असते. उघड्या आकाशाखाली धरलेली लेन्स उष्णता बाहेर टाकत टाकत भोवतालच्या हवेपेक्षाही थोडी गार होते आणि तिच्यावर दव धरते. गवताच्या पात्यावर धरते तसेच.

बाहेरून धरलेले दव पुसता येते. आतले येत नाही, आणि ते आत जाते ते बहुधा घरी परतल्यावर. हवेत किती बाष्प मावेल हे तिच्या तापमानावर ठरते. दहा अंशांना एक घनमीटर हवेत साधारण साडेनऊ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकते, वीस अंशांना सतरा ग्रॅम, तीस अंशांना तीस ग्रॅम. स्वयंपाकघरात चहा उकळतोय, हवा बावीस अंशांची आणि निम्म्याहून अधिक दमट आहे, असे धरले तर तिथला दवबिंदू चौदा अंशांच्या आसपास येतो. म्हणजे चौदा अंशांहून गार असलेल्या कोणत्याही वस्तूवर तिथे पाणी सुटणारच. होडीतून आलेला कॅमेरा आठ-दहा अंशांचा असतो. फोटो बघण्याच्या घाईत तो तसाच टेबलावर ठेवायचा, कार्ड काढायला झाकण उघडायचे, लेन्स काढायची, आणि घराची दमट हवा थेट गार काचेपर्यंत आणि सेन्सरपर्यंत पोचवायची, हा नित्याचा क्रम आहे.

पावसाळ्यात आणि पावसाळा सरता सरता हाच प्रकार उलट दिशेने होतो. गाडीचा एसी वीस अंशांवर, बाहेर अठ्ठावीस अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रता. तिथला दवबिंदू चोवीस अंशांवर असतो. गाडीतून उतरून कॅमेरा डोळ्याला लावला की समोर पांढरे. रुमालाने पुसले की पुन्हा पांढरे. अशा वेळी पुसत बसण्यात अर्थ नसतो, कारण काच गरम होईपर्यंत दव येतच राहणार.

उपाय फुकटचा आहे. तापमान बदलण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात घालायचा, म्हणजे होडीतून उतरण्यापूर्वी काठावरच. घरी आल्यावर तो बंद डबा तासभर, लेन्स मोठी असेल तर दोन तास तसाच ठेवायचा. दव धरायचे ते डब्याच्या बाहेरच्या बाजूला धरते, आत कॅमेरा हळूहळू खोलीच्या तापमानाला येतो. कार्डाचा मोह आवरत नसेल तर ते होडीतच काढून खिशात ठेवावे.

सील म्हणजे नेमके काय

कॅमेरा विकताना ‘वेदर सील्ड’ हा शब्द सढळ हाताने वापरला जातो. त्याचा अर्थ एवढाच की सांध्यांवर, दारांवर, बटणांखाली रबराच्या किंवा फोमच्या पट्ट्या आहेत. किती पाणी, किती वेळ, कुठल्या दिशेने, याचे उत्तर त्या शब्दात नसते. ते आयपी या आंतरराष्ट्रीय मानांकनात असते. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. मोबाइलवर आयपीएक्स७ लिहिलेले असेल तर तो एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे तग धरतो असे चाचणीत आढळले आहे. चाचणी स्वच्छ, गोड्या, स्थिर पाण्यातली, आणि वस्तू नवी असतानाची. लेन्स बदलता येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांना असा आकडाच दिलेला नसतो. ओएम सिस्टीमच्या ओएम-१ सारख्या मोजक्या कॅमेऱ्यांना तो आहे, आणि तोही आयपी५३. म्हणजे वरून तिरका येणारा फवारा सोसणारा. बुडवण्याचा तिथे प्रश्नच नाही.

होडीतले तुषार तर पावसासारखे वरून येत नाहीत. ते वल्ह्यावरून, होडीच्या नाकावरून, बाजूने आणि खालून येतात. शिवाय बॉडीला सील असून लेन्सला नसले तर दोहोंचा सांधा उघडाच राहतो. परभणीच्या उन्हाळ्यात चार-पाच वर्षे काढलेल्या रबराची लवचीकताही पहिल्यासारखी राहत नाही. ओढून लांब होणाऱ्या झूम लेन्सची आणखी एक गंमत आहे. ती पुढेमागे केली की सायकलच्या पंपासारखी हवा आत ओढते आणि बाहेर टाकते. धुक्यात आत ओढली जाते ती धुक्याचीच हवा. त्यामुळे पहाटेच्या पाण्यावर झूम उगाच पुढेमागे करत बसू नये आणि लेन्स बदलणे तर सरळ टाळावे. एक बॉडी, एक लेन्स घेऊन होडीत बसणारा माणूस सकाळभरात दोन-चार फोटोंना मुकेल, त्यापलीकडे त्याचे काही जाणार नाही.

बसायची जागाही महत्त्वाची. वारा पाठीवर घेऊन, होडीच्या मध्यावर बसले की कॅमेरा शरीराच्या आडोशाला राहतो. नाकावर बसणाऱ्याला दृश्य चांगले मिळते आणि पाणीही पहिले त्यालाच मिळते. लेन्सचा हूड कायम लावलेला असावा. तुषार उडालेच तर काच कोरड्या कापडाने घासू नये. जलाशयाच्या पाण्यात क्षार आणि बारीक गाळ असतो, तो काचेवर ओरखडे काढतो. आधी फुंकणीने उडवावे, मग किंचित ओल्या मऊ कापडाने टिपावे.

जोंधळ्याची परीक्षा

फोटो काढायचा नसतो तेव्हा कॅमेऱ्याची जागा पिशवीत. त्यासाठी तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बकल लावायची जलरोधक पिशवी मिळते. पिशवी गुंडाळताना आतली हवा पूर्ण दाबून काढू नये, कारण तीच हवा पिशवीला तरंगवते. हिशेब सोपा आहे. दहा लिटरची फुगलेली पिशवी पूर्ण बुडवायची तर तिला दहा लिटर, म्हणजे दहा किलो पाणी बाजूला सारावे लागते. आत तीन किलोचा कॅमेरा असेल तर ती बुडणे शक्य नाही, बाटलीच्या बुचासारखी वर राहील. हवा काढून चापून बसवलेली पिशवी मात्र खाली जाईल.

पिशवीवर विश्वास टाकण्याआधी तिची परीक्षा घ्यावी, आणि ती कॅमेऱ्यावर घेऊ नये. तीन किलो जोंधळा मोजून पिशवीत भरावा, भोवती कोरड्या वर्तमानपत्राचा कागद लावावा, तोंड नेहमीसारखे बंद करावे आणि पिशवी हौदात टाकून तिच्यावर पाटा ठेवावा. अर्ध्या तासाने उघडावी. कागदावर ओला डाग कुठे आहे त्यावरून गळती तोंडाशी आहे की शिवणीला, हेही कळते. पिशवी उत्तम निघाली तर जोंधळ्याचेही नुकसान नाही.

महागडी पिशवी नसेल तर रबराची कड असलेला हवाबंद डबा, किंवा एकात एक घातलेल्या दोन जाड पॉलिथिनच्या पिशव्याही चालतात. दोन्हींची तोंडे वेगवेगळी पिळून, दुमडून बांधायची. मच्छीमार मोबाइल असाच सांभाळतात. फक्त खताच्या गोणीतले प्लास्टिक वापरू नये. शेतकऱ्याच्या घरात ते हाताशी असते, जाड असते, त्यामुळे मोह होतो. पण युरिया आणि मिश्रखते हवेतले पाणी ओढून घेतात. धुतल्यासारख्या दिसणाऱ्या पिशवीच्या घडीतही त्यांचा अंश उरतो, तो पाघळतो आणि धातूला गंज चढवतो. कीटकनाशकाची पिशवी तर कुठल्याच कामाला घरात आणू नये.

गळ्यातला पट्टा

२१ मे २०२४च्या संध्याकाळी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला, त्यांत लहान मुले होती. याच उजनीच्या भिगवण बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला राज्यभरातून लोक येतात आणि होड्यांत बसतात. हिवाळ्यातले पाणी वळवाच्या पाण्याइतके लहरी नसते हे खरे, पण रुंद जलाशयावर वाऱ्याला अडवायला काही नसते. दुपारनंतर लाटा किती चटकन उठतात हे मच्छीमारांना विचारावे. त्यांनी ‘आता परत फिरू’ म्हटले की फिरावे.

माणसाचे शरीर साधारण पाण्याइतकेच जड असते. छातीत हवा भरलेली असेल तर ते जेमतेम तरंगते, पण तोंड पाण्याबाहेर राहील इतके नाही. डोके वर राहण्यासाठी मोठ्या माणसाला साधारण तीन ते साडेपाच किलो जादा उचल लागते. लाइफ जॅकेट ती देते. आता गळ्यात लांब लेन्सचा कॅमेरा आणि खांद्यावर आडवी बॅग असेल तर ही उचल त्या ओझ्यातच खर्च होऊ लागते. त्याहून वाईट म्हणजे पट्टा. जॅकेटच्या वरून मानेत अडकलेला पट्टा पाण्यात ओढला जातो, हात अडकतो, आणि घाबरलेल्या माणसाला तो सोडवता येत नाही.

म्हणून होडीत क्रम असा असावा. आधी जॅकेट, त्याची सगळी बकले लावलेली. कॅमेरा एका झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्यावर, तोही मनगटाला किंवा एका खांद्याला. मानेभोवती नको, आणि दोन पट्टे एकमेकांत आडवे तर नकोतच. बॅगेची दोरी होडीच्या कडीला बांधावी, कमरेला किंवा पायाला नव्हे. होडीवाल्याकडे जॅकेट नसेल तर परभणीहून निघतानाच स्वतःचे न्यावे. लेन्सवर लाखभर रुपये घालणाऱ्याला त्याची किंमत जड जाऊ नये. थव्याने पक्षी उडाले की तिघेही एकदम उठून एकाच कडेला झुकतात, लहान होड्या उलटण्याचे ते नेहमीचे कारण आहे. एकाने उठायचे, बाकीच्यांनी बसायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे. खरे तर बसूनच काढलेले फोटो अधिक चांगले येतात, कारण पक्षी डोळ्यांच्या पातळीवर मिळतो आणि उभ्या माणसाला घाबरून उडतही नाही.

पडलाच तर

कॅमेरा पाण्यातून बाहेर काढल्यावर पहिल्या मिनिटात काय केले यावर बरेच काही ठरते. शुद्ध पाणी विजेचे फार वाईट वाहक आहे, पण जलाशयाचे पाणी शुद्ध नसते. त्यात विरघळलेले क्षार असतात. कॅमेऱ्याची बॅटरी सहसा सात व्होल्टच्या आसपासची. ओल्या सर्किटवर तो दाब आला की पाण्यातून प्रवाह वाहतो, धन बाजूचे तांबे विरघळू लागते आणि ऋण बाजूला जाऊन केसासारख्या बारीक तंतूंच्या रूपात साठते. दोन रेघा जुळल्या की शॉर्ट सर्किट. म्हणजे पाण्यापेक्षा पाणी आणि वीज ही जोडी कॅमेरा मारते. ‘चालतोय का बघू’ म्हणून दाबलेले बटण हा सगळ्यांत महाग बटणदाब.

बटण बंद करायचे, ताबडतोब बॅटरी काढायची, मग कार्ड, मग लेन्स. बाहेरचे पाणी टिपायचे. झटकायचे नाही, झटकल्याने पाणी कोरड्या भागात जाते. हेअर ड्रायरही नको, त्याची गरम हवा वाफ आत ढकलते आणि चिकटवलेले भाग सैल करते. परभणीचे ऊन किंवा बंद गाडीचा डॅशबोर्डही नको. पंख्याखाली सावलीत, सगळी दारे उघडी ठेवून, आणि मग सिलिका जेलसह बंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवावा, त्यानंतर जाणकाराकडून उघडून घ्यावा. कार्डातले फोटो बहुतेक वेळा वाचतात. कार्ड पूर्ण सुकवून मगच संगणकाला लावावे. भिजलेली बॅटरी मात्र पुन्हा चार्ज करू नये. लिथियमच्या बॅटरीत आत शॉर्ट झाला तर ती तापते, फुगते, पेटही घेऊ शकते. ती घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी आणि ई-कचऱ्यात द्यावी.

तांदळाच्या डब्यात पुरण्याची युक्ती सर्वांना ठाऊक असते. ती टाकून द्यावी. कच्चा तांदूळ हवेतले पाणी फार मंद ओढतो, आणि त्याची पीठासारखी धूळ ओल्या सांध्यांत जाऊन बसते. तांदळाच्या पिशवीत फोन ठेवू नका, त्याच्या बारीक कणांनी नुकसान होऊ शकते, असे ॲपलनेही आपल्या ग्राहकांना स्पष्ट सांगितले आहे. तांदळात ठेवून सुधारलेले फोन पुष्कळदा नुसते ठेवूनही सुधारले असते.

समुद्राच्या पाण्याची गोष्ट निराळी. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असलेले हे पाणी गोड्या पाण्यापेक्षा शेकडो पटींनी चांगले वीजवाहक असू शकते. तारकर्लीला डॉल्फिन पाहायला गेलेला किंवा ठाणे खाडीत रोहित पाहायला होडीत बसलेला परभणीकर कॅमेरा न बुडवता परत येतो, आणि निर्धास्त होतो. पण तुषारांतले मीठ सांध्यांत सुकून बसलेले असते. मिठाचा एक गुण असा की हवेची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलेच पाणी ओढून पाघळते. बरणीतले मीठ पावसाळ्यात ओले होते तसेच. परभणीच्या कोरड्या हिवाळ्यात ते कपाटात गप्प पडून राहते. जूनमध्ये हवा दमट झाली की जागे होते, आणि ऑगस्टमध्ये बॅटरीच्या पट्ट्या हिरव्या दिसतात. त्यामुळे समुद्रावरून आल्या दिवशीच, गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने कॅमेरा, लेन्सच्या कड्या आणि पट्टासुद्धा दोन-तीनदा पुसावा आणि सुकवावा. समुद्रात बुडालेला कॅमेरा घरी सुकवत बसू नये, बॅटरी काढून थेट दुरुस्तीला द्यावा.

उरले कपाट. साठ-सत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता सतत राहिली की काचेवर बुरशी धरते. ती सोडत असलेली आम्ले काचेवरचा लेप खातात, मग बुरशी पुसली तरी डाग राहतो. चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता योग्य. फार कोरडेही नको, रबर आणि वंगण सुकते. घट्ट डबा, त्यात आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र आणि सिलिका जेल, एवढ्यावर काम भागते. सिलिका जेलचे निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात. तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, आणि ते विषारी आहे. असे दाणे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि ते तापवून सुकवायला स्वयंपाकाची कढई वापरू नये. नारिंगी रंगाचे, कोबाल्ट नसलेले दाणे मिळतात, ते घ्यावेत.

बुरशी लागू नये म्हणून कॅमेऱ्याच्या कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवणारेही अनेक आहेत. नॅप्थलीनची वाफ काचेवर थर धरते आणि काही प्लास्टिकला खाते. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात, त्यामुळे लहान बाळ असलेल्या घरात त्या गोळ्या कपड्यांतही नकोत.